भांडण लंडनचं, तोडगा आपल्या गळ्यात

२१ मार्च १८२९ च्या सकाळी लंडनजवळच्या बॅटरसीच्या माळावर इंग्लंडचे पंतप्रधान पिस्तूल घेऊन उभे होते. समोर अर्ल ऑफ विंचिलसी नावाचे एक उमराव. पंतप्रधान म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. आपल्याला हे गृहस्थ आर्थर वेलस्ली म्हणून ठाऊक असतात: १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारे आणि त्यानंतर दीडेक महिन्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारे. आता साठीला टेकलेला हा सेनापती द्वंद्वयुद्धाला आला होता, आणि निमित्त होतं एका कॉलेजचं.

वेलिंग्टन यांनी लंडनमध्ये किंग्ज कॉलेज काढायला पाठिंबा दिला होता. कॉलेज इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या छायेखालचं, धर्मशिक्षण देणारं. त्याच सुमारास त्यांनी कॅथलिकांना पार्लमेंटची दारं उघडणारा कायदाही पुढे रेटला. विंचिलसींनी जाहीर पत्र लिहून आरोप केला, की कॉलेजाचं सोवळं पांघरून पंतप्रधान मागच्या दाराने धर्म बुडवताहेत. वेलिंग्टन यांची गोळी बाजूने गेली, विंचिलसींनी हवेत बार काढला, माफीचा कागद दिला आणि मंडळी घरी गेली. किंग्ज कॉलेजात या प्रसंगाची आठवण म्हणून अजूनही एक दिवस साजरा होतो.

ज्यांच्या घरात मुंबई विद्यापीठाचं किंवा त्याच्या वळणावर निघालेल्या कुठल्याही विद्यापीठाचं पदवीपत्र फ्रेम करून लावलेलं आहे, त्यांनी ही सकाळ लक्षात ठेवावी. 'संलग्न महाविद्यालय' नावाची जी गोष्ट आपण दीडशेहून जास्त वर्षं वागवतो आहोत, तिचा उगम त्या काळच्या लंडनमधल्या एका भांडणात आहे. ते भांडण इंग्रजांनी केव्हाच मिटवलं. आपण मात्र त्या वेळचा तोडगा जपून ठेवला.

भांडण समजून घ्यायला आणखी थोडं मागे जावं लागतं. १८२० च्या दशकात लंडन हे जगातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक होतं आणि त्याला विद्यापीठ नव्हतं. इंग्लंडात विद्यापीठं दोनच, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. दोन्ही चर्चच्या ताब्यात. ऑक्सफर्डला नाव घालतानाच चर्चच्या ३९ धर्मकलमांवर सही करावी लागे, केंब्रिजला पदवी घेताना. म्हणजे कॅथलिक, ज्यू, बॅप्टिस्ट, क्वेकर असे सगळे बाहेर. शिवाय खर्च एवढा, की दुकानदाराच्या किंवा कारकुनाच्या मुलाने तिकडे फिरकूच नये. (या धर्मपरीक्षा कायद्याने उठल्या त्या १८७१ मध्ये. तोवर आपल्याकडे मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली पिढी न्यायखात्यात आणि शिक्षणखात्यात कामाला लागलेली होती.)

थॉमस कॅम्बेल या कवीने १८२५ मध्ये टाइम्समध्ये पत्र लिहून मागणी केली, की लंडनला स्वतःचं विद्यापीठ हवं. हेन्री ब्रूम या वकील-राजकारण्याने ती उचलून धरली. आयझॅक लायन गोल्डस्मिड या ज्यू सावकाराने जागा मिळवून देण्यात पुढाकार घेतला. भांडवल कसं उभं केलं? शंभर पौंडांचे शेअर काढून, एखाद्या कालव्याची कंपनी काढावी तसं. पहिल्या संचालक मंडळात जेम्स मिल होते, जे पोटापाण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत भारताचा पत्रव्यवहार सांभाळत. झॅकरी मॅकॉलेही होते, म्हणजे १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्याला पाठ असलेल्या मॅकॉलेंचे वडील.

१८२८ मध्ये गॉवर स्ट्रीटवर वर्ग सुरू झाले. प्रार्थनामंदिर नाही, धर्मशास्त्राचा विषय नाही, प्रवेशाला कुठल्या पंथाचा दाखला नाही. विषय कोणते, तर रसायन, कायदा, अर्थशास्त्र, आधुनिक भाषा, वैद्यक. इंग्रजी भाषा-साहित्याचं प्राध्यापकपद इंग्लंडात पहिल्यांदा इथे निर्माण झालं, ही गोष्ट आज वाचताना खोटी वाटते. धार्मिक मंडळींनी या नव्या विद्यापीठाला 'गॉवर स्ट्रीटवरची देव नसलेली संस्था' असं नाव ठेवलं आणि उतारा म्हणून मैलभरावर स्ट्रँड रस्त्यालगत किंग्ज कॉलेज उभं केलं. १८३१ मध्ये तेही सुरू झालं.

आता दोघांनाही पदव्या द्यायच्या होत्या. गॉवर स्ट्रीटला तो अधिकार द्यायला ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विरोध, चर्चचा विरोध, शिवाय लंडनमधल्या वैद्यकीय संस्थांचा विरोध. किंग्जला दिला तर गॉवर स्ट्रीटवाले पेटणार. सरकारने मग मध्यस्थ करतो ती युक्ती केली. २८ नोव्हेंबर १८३६ रोजी 'लंडन विद्यापीठ' नावाची तिसरीच संस्था जन्माला घातली. गॉवर स्ट्रीटने आपलं 'लंडन विद्यापीठ' हे नाव सोडून 'युनिव्हर्सिटी कॉलेज' व्हायचं, किंग्जने किंग्ज राहायचं, दोघांनी आपापल्या पद्धतीने शिकवायचं, आणि परीक्षा व पदवी या तिसऱ्या संस्थेने द्यायची. दोन भावांनी शेत कसायचं आणि सातबारा तलाठ्याच्या कपाटात ठेवायचा, असला प्रकार.

या विद्यापीठाला शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते, ग्रंथालय म्हणावं असं काही नव्हतं. सॉमरसेट हाउसमध्ये काही खोल्या, एक सिनेट, एक रजिस्ट्रार आणि परीक्षकांची यादी. १८३८ मध्ये पहिली मॅट्रिक्युलेशन झाली तेव्हा परीक्षेला बसलेले विद्यार्थी होते २३.

शिकवणं एकीकडे आणि तपासणं दुसरीकडे, ही रचना कोणा शिक्षणतज्ज्ञाने विचारपूर्वक मांडलेली नव्हती. चर्च आणि बिगरचर्च एका टेबलावर बसत नव्हते, म्हणून काढलेली ती पळवाट होती. भारतात या रचनेला नंतर जी तात्त्विक प्रतिष्ठा मिळाली ती पाहिली, की मला या सॉमरसेट हाउसमधल्या खोल्या आठवतात.

१८५४ साली चार्ल्स वुड यांचा खलिता भारतात आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं, की इथली विद्यापीठं लंडनच्या धर्तीवर काढावीत. कारण उघड आहे. शिकवणारं विद्यापीठ काढायचं तर प्राध्यापक आणावे लागतात, पगार द्यावे लागतात, इमारती बांधाव्या लागतात. परीक्षा घेणारं विद्यापीठ स्वस्तात होतं. खलित्यात कायदा, स्थापत्य, संस्कृत आणि देशी भाषा अशा विषयांसाठी अध्यासनं काढावीत, अशीही सूचना होती. ती वाक्यं बराच काळ कागदावरच झोपली. १८५७ मध्ये, उत्तरेत बंड पेटलं त्याच वर्षी, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं एकाच साच्यातून निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलैचा. त्यात अट होती, की सरकारने मान्य केलेल्या संस्थेत ठरलेला अभ्यास पुरा केल्याचा दाखला आणल्याशिवाय बी.ए.च्या परीक्षेला बसता येणार नाही. आमच्या पिढीच्या तोंडी असलेलं 'टर्म भरणं', 'टर्म ग्रँट होणं' हे या दाखल्याचंच पिल्लू.

आणि पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने स्वतः ही अट काढून टाकली.

वैद्यकीय पदव्या वगळता लंडनची परीक्षा कोणालाही खुली झाली. कुठल्या कॉलेजात शिकलात, शिकलात की नाही, घरी दिव्याखाली वाचलंत की खाणीतली पाळी संपवून वाचलंत, विद्यापीठ विचारणार नाही. फी भरा, परीक्षेला या, पास व्हा, पदवी घ्या. गॉवर स्ट्रीटची मंडळी यावर फार चिडली. त्यांचं म्हणणं असं, की हे विद्यापीठ नव्हे, परीक्षा मंडळ झालं. त्यांचं खरंही होतं. पण या एका बदलाने जे घडलं तेही लहान नव्हतं. १८६० च्या दशकात लंडनच्या प्रश्नपत्रिका बोटीने मॉरिशसला जाऊ लागल्या. १८७८ मध्ये लंडनने स्त्रियांना सगळ्या पदव्या खुल्या केल्या. ब्रिटनमध्ये असं करणारं हे पहिलं विद्यापीठ. ऑक्सफर्डने त्यासाठी १९२० उजाडू दिलं आणि केंब्रिजने १९४८. १८८० मध्ये चार बायका लंडनच्या बी.ए. झाल्या. पुढे शंभरेक वर्षांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेला कायद्याचा जो अभ्यास करत होते, तो याच विद्यापीठाच्या बहिःस्थ पदवीचा.

म्हणजे पाहा. शिक्षक नसलेल्या त्या विद्यापीठात दोन गोष्टी होत्या. एक दाखला, दुसरा दरवाजा. आपण दाखला घेतला तेव्हा दरवाजा उघडायला एक वर्ष बाकी होतं. लंडनने दाखला टाकून दरवाजा उघडला आणि आपण दाखल्याचं खातं काढलं, त्याला कारकून नेमले, वाढवत वाढवत नेलं. कोणी घरी शिकून परीक्षेला बसेल, ही कल्पना इथल्या व्यवस्थेला दीर्घकाळ चोरीसारखीच वाटत राहिली. बहिःस्थ परीक्षा, पत्राद्वारे शिक्षण, मुक्त विद्यापीठ ही दारं आपल्याकडे उघडली ती विसाव्या शतकात, तीही किलकिली. त्यातून आलेल्या पदवीकडे नोकरी देणारे अजून डोळे बारीक करून पाहतात.

तरी लंडनच्या त्या चाळीस वर्षांचं मी कौतुकच करणार नाही. शिक्षकाशिवाय परीक्षा असली की मधल्या जागेत काय उगवतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८८७ मध्ये विल्यम ब्रिग्ज यांनी लंडनच्या परीक्षार्थींसाठी पत्राने शिकवणारं कॉलेज काढलं. त्याचा पत्ता होता केंब्रिज, आणि धंदा होता नोट्स, नमुना प्रश्न, तपासून परत येणाऱ्या उत्तरपत्रिका. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले एच. जी. वेल्स तिथे शिकवत होते आणि स्वतःही १८९० मध्ये लंडनचे बी.एस्सी. झाले. आपण क्लासेसना दादर-पुण्याची देणगी समजतो. घराणं जुनं आहे.

शिक्षकांनी बंड केलं ते इथे. १८८४ मध्ये लंडनला शिकवणारं विद्यापीठ हवं म्हणून संघटना निघाली. मग एक शाही आयोग, मग दुसरा. गणितज्ञ कार्ल पिअर्सन यांनी पुस्तिका लिहून या मागणीसाठी रान उठवलं. तक्रार साधी होती. जो शिकवतो त्याला काय शिकवायचं हे ठरवता येत नाही, आणि जो ठरवतो त्याने वर्गाचं तोंड पाहिलेलं नाही. एखाद्या प्राध्यापकाने आपल्या विषयातलं नवं काही सांगायला सुरुवात केली, की मुलं पेन खाली ठेवत, कारण ते सॉमरसेट हाउसच्या यादीत नसे. तोवर विद्यापीठ बर्लिंग्टन गार्डन्समधल्या स्वतःच्या भव्य इमारतीत गेलं होतं. यादी तीच. शेवटी १८९८ चा कायदा झाला आणि १९०० पासून लंडन विद्यापीठाला शिक्षक मिळाले. कॉलेजं विद्यापीठाच्या शाळा म्हणून आत आली, प्राध्यापकांची अभ्यासमंडळं झाली, सिनेटवर शिकवणाऱ्यांच्या खुर्च्या आल्या. बहिःस्थ परीक्षाही वेगळ्या कप्प्यात चालू राहिली. सिडनी वेब आणि त्यांच्या मित्रांनी १८९५ मध्ये काढलेलं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या नव्या विद्यापीठात सुरुवातीपासून होतं. १९०७ मध्ये तीन तांत्रिक संस्था मिळून इम्पीरियल कॉलेज झालं, तेही यथावकाश आलं.

म्हणजे १८३६ चं लंडन विद्यापीठ १९०० मध्ये लंडनमध्येच संपलं होतं. मुंबईत ते चालूच राहिलं. मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग उभे राहायला १९१९ उजाडलं. समाजशास्त्राला पॅट्रिक गेडीस आले ते तेव्हा.

या दोन्ही लंडनमधून गेलेला एक माणूस आपल्याकडे आहे. डॉ. आंबेडकर १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले, म्हणजे १८३६ च्या साच्यातले. न्यूयॉर्कला कोलंबियात शिकून ते १९१६ मध्ये लंडनला आले, बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे वर्षभरात परतले, १९२० मध्ये पैसे साठवून पुन्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन त्यांचे मार्गदर्शक होते. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी आक्षेप घेऊन परत दिला, तो सुधारून पाठवल्यावर १९२३ मध्ये पदवी मिळाली. हा आक्षेप, हे परत देणं, हा वाद: शिक्षक आणि परीक्षक एकाच घरात राहतात तेव्हा घडणारी ही गोष्ट आहे. मुंबईच्या बी.ए.मध्ये परीक्षकाशी वाद कोणी आणि कुठे घालायचा?

आंबेडकरांना हा फरक नेमका जाणवला होता. १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी मांडलेला मुद्दा असा, की नुसत्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणं एवढ्यावर कुठल्याही सुधारलेल्या देशातल्या विद्यापीठाला आपलं अस्तित्व समर्थनीय ठरवता येणार नाही. त्याच भाषणात दुसराही मुद्दा होता: उच्च शिक्षण गरीब, गरजू माणसाच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूलभूत काम आहे. आपल्याकडे या दोन मुद्द्यांची फारकत होते. एक गट म्हणतो दर्जा पाहा, दुसरा म्हणतो दारं उघडा. लंडनचा इतिहास वाचला की दिसतं, ही जोडी एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र बसणं स्वाभाविक आहे. दोन्ही लंडन ज्याने पाहिली त्याच्या तर नक्कीच.

आता आपल्या अंगणात येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका स्थानीय चौकशी समितीवर होतो. नव्या कॉलेजाला संलग्नीकरण द्यायचं की नाही, हे पाहायला विद्यापीठ अशा समित्या पाठवतं. आम्ही तिघे. गाडी, हार, श्रीफळ, कांदेपोहे, मग पाहणी. प्रयोगशाळेत टेबलांचा वॉर्निश अजून चिकटत होता. ग्रंथालयात दोन लोखंडी कपाटं, पुस्तकं रांगेने लावलेली, फार नीट. मी सहज एक काढलं. पहिल्या पानावर गावापासून तीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजाचा जांभळा शिक्का, दाखलअंकासकट. दुसरं काढलं, तेच. तिसऱ्यात त्या कॉलेजातल्या कुणा विद्यार्थ्याचं बसचं तिकीट खूण म्हणून राहिलेलं. प्राचार्य माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "सर, आमची ऑर्डर दिलेली आहे, येतीलच." आम्ही अहवालात 'त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर' असं लिहिलं. सही माझीही आहे. सातबाऱ्याचा तलाठी मीच होतो.

हे सांगण्यात मोठा गौप्यस्फोट नाही, ज्यांनी अशा समित्यांवर काम केलंय ते हसतील. मुद्दा असा, की १८५७ च्या कायद्यातला तो दाखला आज काय झाला आहे हे जवळून पाहिलं पाहिजे. कॉलेज चांगलं शिकवतं का, हे विचारण्याऐवजी विद्यापीठ कपाटं मोजतं, कारण त्याच्या हातात तेवढंच आहे. आणि परीक्षा? मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात इतिहासाचे पेपर तपासताना एकदा मला एकाच गठ्ठ्यात पंधरा-वीस मुलांनी मुंबई विद्यापीठाची स्थापना १८७५ ची लिहिलेली सापडली. गाइडमध्ये आकडे उलटे छापले गेले होते. मुलांनी चूक सुवाच्य अक्षरात, अधोरेखित करून लिहिली होती. त्यांच्या शिक्षकाने ती वर्गात पकडली असती, पण ती मुलं वर्गात बसतात यावर ना शिक्षकाचा विश्वास होता ना माझा.

मग संलग्नता मोडून टाकावी का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं उत्तर 'हो' आहे. पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संलग्न कॉलेजांची पद्धत संपवायची, कॉलेजांना स्वायत्तता द्यायची, पुढे त्यांनी स्वतःच पदव्या द्यायच्या. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांच्या पाट्या झपाट्याने लागताहेत. समूह विद्यापीठंही झाली. समर्थक लंडनकडेच बोट दाखवतात. इम्पीरियल २००७ मध्ये लंडन विद्यापीठातून बाहेर पडलं, युनिव्हर्सिटी कॉलेज, किंग्ज, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स याच सुमारास आपापल्या नावाने पदव्या देऊ लागले, मग आपण का नाही?

इथे मला हात वर करावासा वाटतो. आपण पुन्हा लंडनच्या शेवटच्या पानाची नक्कल करायला निघालोय, मधली पानं न वाचता. त्या कॉलेजांनी स्वतःची पदवी द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यामागे दोनेकशे वर्षांची नाही तरी शंभराहून जास्त वर्षांची प्राध्यापकांची फळी होती. आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांचं लंडनने काय केलं, ते पान तर आपल्या उपयोगाचं आहे.

नॉटिंगहॅम, साउथॅम्प्टन, हल, एक्झिटर, लेस्टर इथली कॉलेजं कित्येक वर्षं लंडनच्या बहिःस्थ पदवीसाठी मुलं तयार करत होती. १९४८ ते १९५७ या काळात ती एकेक करून स्वतंत्र विद्यापीठं झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नायजेरियात इबादान, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), युगांडात मकेरेरे, वेस्ट इंडीज इथल्या नव्या कॉलेजांशी लंडनने 'विशेष नातं' नावाची व्यवस्था केली. पदवी लंडनची, पण अभ्यासक्रम तिथल्या शिक्षकांशी बसून ठरवायचा, प्रश्नपत्रिका त्यांच्याबरोबर काढायची, उत्तरपत्रिका दोघांनी तपासायच्या. इबादानच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने इंग्लंडातल्या झाडांऐवजी समोरची झाडं अभ्यासावीत, एवढी साधी गोष्ट त्यातून शक्य झाली. १९६२ मध्ये इबादान वेगळं झालं. या नात्यात वसाहतीची ऐट होती, मी ती धुऊन काढत नाही. पण काम करण्याची रीत चांगली होती. शिकवणारा माणूस पहिल्या दिवसापासून ठरवणाऱ्यांच्या खोलीत होता, आणि बाहेरचा परीक्षकही खोलीतच होता.

बाहेरचा परीक्षक का हवा, याचं माझं कारण दर्जाचं नाही, बैठक क्रमांकाचं आहे. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं. कॉलेजात, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे अंतर्गत गुण कोणाला कसे पडतात याच्या कथा वस्तीतल्या मुलांना विचारा. १८७८ मध्ये लंडनच्या परीक्षकांसमोरही नुसते कागदच होते. समोर बसलेल्या बाईला नापास करायला जे कारण सहज सापडलं असतं, ते कागदावर सापडत नव्हतं. संपूर्ण स्वायत्ततेत हा आडोसा जातो, आणि तो कोणाच्या डोक्यावरून जातो हे ठरलेलं आहे. म्हणून कॉलेजांनी आपला अभ्यासक्रम जरूर बनवावा, पेपरही काढावेत, पण तपासताना बाहेरचा डोळा आणि झाकलेलं नाव कायम ठेवावं. आणि 'टर्म भरली नाही' म्हणून ज्याला आपण आजवर दारात अडवलं, त्याला १८५८ च्या नियमाने आत घ्यावं. ज्या बाईने संसार सांभाळून अर्थशास्त्र वाचलंय तिने त्याच दिवशी, त्याच पेपरला बसावं आणि तिला तीच पदवी मिळावी, तिच्यावर 'दूरस्थ' असा वेगळा शिक्का नसावा.

सगळ्यात अवघड अडचण मात्र लंडनच्या इतिहासात सापडत नाही, ती आपली आहे. स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम बनवायचा कोणी? मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कोकणातल्या कित्येक कॉलेजांत अर्धे विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक सांभाळतात. जागा भरलेल्या नाहीत. तो माणूस सेट-नेट, कधी पीएच.डी. झालेला असतो, त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही सहा-सहा महिने थकतात, आणि उन्हाळ्यात काहीच मिळत नाही. पिअर्सनची तक्रार होती, की शिकवणाऱ्याला ठरवायच्या खोलीत खुर्ची नाही. आपल्याकडे ती खुर्ची द्यायची तयारी झालेली आहे. पण माझ्या माहितीतला एक तासिकावाला सकाळी साडेआठचा इतिहासाचा तास घेतो, हजेरीच्या वहीत सही करतो आणि दहाच्या आत मोटरसायकलने वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात पोचतो, कारण तिथेही त्याचा तास आहे. दोन्ही कॉलेजांना यंदा स्वायत्तता हवी आहे. अभ्यासमंडळाची बैठक प्राचार्यांनी साडेदहाला ठेवली आहे.